प्रवासाची विद्या आणि वाशीमचा विद्यार्थी



अजिंठ्याचीं लेणीं पाहण्यासाठीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येतात. त्यांपैकीं सोळाव्या लेण्यांत एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नांवाच्या अमात्यानें हें लेणें भिक्षुसंघासाठीं कोरवून घेतलें, असें त्या लेखावरून समजतें. हरिषेण हा वाकाटकांच्या ज्या शाखेंतील राजा, तिची राजधानी वत्सगुल्म. आणि वत्सगुल्म म्हणजेच आपलें आजचें वाशीम. अजिंठ्यास जाणाऱ्या शंभर प्रवाशांना विचारलें, तर त्यांतून वाशीमचें नांव घेणारा एक तरी निघेल कीं नाहीं याची मला शंका आहे. आणि वाशीमच्या बसस्थानकावर उतरलेल्या परक्या माणसाला ही हकीकत सांगणारा कोणी भेटेल काय, याची तर त्याहूनही अधिक शंका आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण असें, कीं बारावीचा निकाल लागला म्हणजे अलीकडे अनेक घरांत एक नवा प्रश्न उपस्थित होतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला प्रवास आणि पर्यटन या विषयाचें शिक्षण घ्यावयाचें आहे." आजोबा म्हणतात, "अरे, काशीयात्रेला जाणारे लोक कोणत्या कॉलेजांत गेले होते?" वडील विचारतात, "तेथें शिकवितात तरी काय, आणि त्यावर पोट भरतें काय?" आई एवढेंच विचारते, "शिकून झाल्यावर तूं राहणार कोठें?" हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तरुण माणसाच्या आयुष्यांतील तीन वर्षें आणि घरची शिल्लक यांचा त्यांत संबंध आहे. म्हणून याच क्रमानें त्यांचा विचार करूं.

प्रथम आजोबांचा प्रश्न. काशीयात्रेला जाणारे लोक कॉलेजांत गेले नव्हते हें खरें. पण त्यांना उतरवून घेणारे आणि त्यांची व्यवस्था लावणारे लोक कांहीं अडाणी नव्हते. क्षेत्राच्या ठिकाणीं तीर्थोपाध्यायांच्या घरीं वंशावळीच्या वह्या असत. यजमान कोणत्या गांवचा, त्याचा आजा केव्हां येऊन गेला, बरोबर कोण होतें, हें त्या वह्यांवरून कळे. उतरण्याची जागा, शिधा, धार्मिक विधि, प्रसंगीं उसने पैसे, या सर्वांची तजवीज तेथें होई. ती एक पुरी विद्याच होती. मात्र ती शाळेंत शिकविली जात नसे, बापाकडून मुलाकडे जाई.

पुढें आगगाडी आली आणि प्रवासाचें स्वरूप पालटलें. इंग्लंडांत टॉमस कुक नांवाच्या, सुतारकाम करणाऱ्या एका धर्मोपदेशकानें ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टर येथून लफबरो येथील मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं एक खास गाडी ठरविली. जाण्यायेण्याचें भाडें माणशीं एक शिलिंग होतें आणि सुमारें पांचशें माणसें त्या गाडीनें गेलीं. संघटित सहलींच्या धंद्याचा आरंभ बहुधा या दिवसापासून मोजतात. याच कुकच्या कंपनीची कचेरी १८८१ सालीं मुंबईंत उघडली. आतां प्रवासी आणि त्याला नेणारा यांचें नातें यजमान व उपाध्याय यांचें राहिलें नाहीं. दोघेही एकमेकांना अनोळखी, आणि मध्यें काय ती पैशाची पावती. अनोळखी माणसावर विश्वास टाकावयाचा, तर त्याचें ज्ञान कोणी तरी तपासलेलें असलें पाहिजे. वैद्यकी जशी घरांतून शाळेंत आली, तशीच ही विद्याही आली. स्वित्झर्लंडांत १९४१ सालीं, भोंवतीं महायुद्ध पेटलेलें असतांना, बर्न आणि सेंट गालेन या दोन ठिकाणीं पर्यटनाच्या अभ्यासासाठीं संस्था निघाल्या. आपल्याकडे मुंबईस हॉटेल-व्यवस्थेचें शिक्षण देणारी संस्था १९५४ सालीं निघाली, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ सालीं स्थापन झालें, आणि केवळ प्रवास व पर्यटन या विषयाला वाहिलेली केंद्र सरकारची संस्था १९८३ सालीं निघाली. तिचें मुख्य ठाणें आज ग्वाल्हेरला आहे. त्याच सुमारास, १९८४ सालीं, केसरी पाटील यांनीं मुंबईंत आपली प्रवास-कंपनी काढली, आणि आपल्या भाषेंत बोलणारा व आपल्या जेवणाची काळजी वाहणारा माणूस बरोबर असला म्हणजे मराठी कुटुंबें दूरदेशींही निःशंक जातात, हें दिसून आलें. तेव्हां आजोबांना उत्तर असें, कीं ही विद्या जुनीच आहे. तिची शाळा तेवढी नवी आहे.

आतां वडिलांचा प्रश्न: शिकवितात तरी काय? कांहीं संस्थांचीं माहितीपत्रकें पाहिलीं, तर त्यांवर विमान, समुद्रकिनारा आणि गळपट्टा बांधलेलीं हंसरीं मुलें यांपलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. त्यामुळें मुलांची समजूत होते कीं हा जन्मभर फिरण्याचा परवाना आहे. वस्तुतः या धंद्यांत फिरतो तो प्रवासी. धंदा करणारा बहुधा मेजापाशीं बसून त्या फिरण्याचा हिशेब मांडीत असतो. अभ्यासक्रमाचे स्थूलमानानें चार भाग पडतात. पहिला भूगोल, इतिहास व कला यांचा. दुसरा प्रवासाच्या यंत्रणेचा: वेळापत्रकें, तिकिटें, परवाने, विमा, मुक्कामाच्या जागा. तिसरा हिशेब आणि कायदा यांचा. चौथा भाषेचा व वागणुकीचा. यांपैकीं तिसरा भाग मुलांना सर्वांत रुक्ष वाटतो, आणि धंदा बुडतो तो बहुधा त्याच्याच अज्ञानामुळें.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका विद्यार्थ्यानें अकोल्याहून कारंजा, वाशीम व शिरपूर अशी एका दिवसाची सहल काढली. मोटारीचें भाडें १८,००० रुपये. मार्गदर्शकाचें मानधन व किरकोळ खर्च ३,६०० रुपये. मिळून २१,६०० रुपये. हा खर्च एक प्रवासी आला तरी तितकाच, आणि छत्तीस आले तरी तितकाच. जेवण व चहा-फराळ यांचा खर्च माणशीं २५० रुपये. तिकीट ठेविलें ९५० रुपये. छत्तीस प्रवासी आले, तर उत्पन्न ३४,२०० रुपये व खर्च ३०,६०० रुपये. म्हणजे ३,६०० रुपये उरले. पण चोवीसच आले, तर उत्पन्न २२,८०० रुपये, खर्च २७,६०० रुपये, आणि ४,८०० रुपयांची खोट. तीस प्रवाशांपर्यंत पदरचे पैसे जातात. एकतिसावा प्रवासी आला म्हणजे प्रथम शंभर रुपये हातीं लागतात. या सहलीचें सारें भवितव्य त्या एकतिसाव्या माणसावर अवलंबून आहे. तो आला नाहीं तर सहल रद्द करावयाची काय, रद्द केली तर बाकीच्यांचे पैसे किती दिवसांत परत करावयाचे, आणि मोटारवाल्याला दिलेल्या विसाराचें काय करावयाचें, हें ज्याला आधींच ठाऊक आहे तो व्यवसायी. चांगलें कॉलेज हें शिकवितें. आणि तें शिकवितें कीं नाहीं, हेंच वडिलांनीं प्रवेशापूर्वीं विचारून घेतलें पाहिजे.

पोट भरतें काय, याचें उत्तर देतांना आडपडदा ठेवणें बरें नव्हे. हा धंदा हवामानावर, साथींवर आणि युद्धांवर अवलंबून आहे. ज्या कुकचें नांव मघाशीं घेतलें, त्याची इंग्लंडांतील कंपनी पावणेदोनशें वर्षांच्या लौकिकानंतर २३ सप्टेंबर २०१९ रोजीं बुडाली. तिच्यापासून पूर्वींच वेगळी झालेली भारतांतील कंपनी मात्र टिकून राहिली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत महामारी आली. भारतांत येणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या २०१९ सालीं एक कोटी नऊ लाखांवर होती, ती २०२० सालीं सुमारें सत्तावीस लाखांवर आली. गाडीवाले, मार्गदर्शक, खानावळवाले, सर्वांच्या तोंडचा घास त्या वर्षीं गेला. शिवाय आरंभीं पगार बेताचा असतो आणि इतरांच्या सुटीच्या दिवशींच आपल्याला काम असतें. दिवाळींत घरीं राहीन, असें या धंद्यांतल्या माणसानें म्हणूं नये.

यावरून मी असें म्हणणार नाहीं, कीं या वाटेला जाऊं नये. एवढेंच म्हणेन, कीं या विद्येच्या जोडीला दुसरी एखादी विद्या असावी. इतिहास, वाणिज्य किंवा एखादी परकी भाषा हा मुख्य विषय घ्यावा आणि पर्यटन त्याला जोडावें, अथवा पर्यटन मुख्य ठेवून हिशेबनिशी पक्की करावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० या अन्वयें मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना पदवींत जागा मिळाली आहे. तिचा उपयोग करून घ्यावा. ज्यांना घर सोडणें शक्य नाहीं, त्यांच्यासाठीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे या विषयांतील अभ्यासक्रम आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयानेंही २०२० सालीं पर्यटकांच्या साहाय्यकांसाठीं संगणकाद्वारें घरबसल्या शिकण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हां मोठी फी भरल्याशिवाय हा विषय शिकतांच येत नाहीं, ही समजूत खरी नव्हे.

आतां आईचा प्रश्न राहिला, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शिकून झाल्यावर तूं राहणार कोठें? बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील: पुण्याला, मुंबईला, नाहीं तर दुबईला. त्यांना दोष देतां येत नाहीं. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून वेगळा झाला. सहा तालुके आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें बारा लाख वस्ती, एवढा त्याचा पसारा. मुख्य आधार शेतीचा. केंद्र सरकारनें २०१८ सालीं मागासलेपण दूर करण्यासाठीं निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रांतील जे चार जिल्हे घेतले, त्यांत वाशीम होता. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला आणि शेवटचा भाग जून २०२५ मध्यें. पण रस्ता आला म्हणजे पाहुणा आला, असें होत नाहीं. वेगवान् रस्त्याचा धर्मच असा, कीं मधलीं गांवें तो मागें टाकतो. ज्याला थांबण्याचें कारण ठाऊक आहे तोच थांबतो. आणि तें कारण सांगणें हेंच या विद्येचें काम आहे.

वाशीम जिल्ह्यांत थांबण्याचीं कारणें काय आहेत? मी त्यांची जंत्री देणार नाहीं. पर्यटनाच्या विद्यार्थ्याला त्यांतील प्रत्येक ठिकाण एकेक निराळा धडा कसा देतें, एवढेंच दाखवितों.

पहिला धडा पुराव्याचा. वाकाटकांच्या राजधानीचें नांव आपण घेतों, तें कशावरून? वाशीम येथें १९३९ सालीं दुसरा विंध्यशक्ति या राजाचा ताम्रपट उजेडांत आला. आपल्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षीं त्यानें वत्सगुल्माहून दिलेल्या दानाचा तो लेख. त्याचा कांहीं भाग संस्कृतांत आहे, कांहीं प्राकृतांत. या ताम्रपटामुळें वाकाटकांची वत्सगुल्म शाखा अभ्यासकांना स्पष्टपणें कळून आली. पुढें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं या घराण्याचा इतिहास सविस्तर मांडला. राजशेखरानें तर काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्म नगरांत लावून दिला आहे. ज्या गांवीं साहित्याचें लग्न लागलें त्या गांवच्या मुलाला पाहुण्यापुढें बोलावयास विषय नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. पण ताम्रपट कोणता, लेख कोणता आणि कविकल्पना कोणती, हें त्याला वेगळें करून सांगतां आलें पाहिजे.

दुसरा धडा श्रद्धा आणि मोजणी यांच्या विवेकाचा. वाशीमांत मध्यमेश्वराचें देऊळ आहे, आणि पृथ्वीची मध्यरेषा येथून जाते अशी परंपरागत समजूत आहे. ती निराधार नाहीं. भास्कराचार्यांच्या करणकुतूहल ग्रंथांत मध्यरेषेवरील ठिकाणांच्या यादींत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेंही नांव येतें. परंतु आजच्या मोजणीप्रमाणें उज्जैन सुमारें पावणेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे आणि वाशीम सत्याहत्तर अंशांच्या किंचित् पुढें. म्हणजे दोन्ही गांवें एका रेषेवर येत नाहींत. येथें एक मार्गदर्शक जुनी समजूत हेंच आजचें शास्त्र म्हणून ठोकून देईल. दुसरा तिची थट्टा करील. शिकलेला मार्गदर्शक सांगेल, कीं दोन दूरच्या गांवांचे रेखांश ठरविण्यासाठीं एकच घटना, उदाहरणार्थ चंद्रग्रहण, दोन्हीकडून पाहून स्थानिक वेळ ताडून पाहावी लागे. अशा काळांत केलेली ही यादी आहे, आणि एवढ्याशा फरकावरून त्या गणितज्ञांची योग्यता कमी होत नाहीं. पाहुणा त्या देवळांतून बाहेर पडतांना श्रद्धाही दुखावलेली नसते आणि ज्ञानांतही भर पडलेली असते.

तिसरा धडा दोन तासांच्या किंमतीचा. कारंजा हें श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, म्हणून गुरुमंदिराच्या दर्शनाला दत्तभक्त वर्षभर येत असतात. दर्शन झालें, प्रसाद घेतला, कीं ते परत फिरतात. याच गांवांत जैनांचीं जुनीं मंदिरें आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरांतील लांकडावरील कोरीव काम पाहण्यासारखें आहे. आणि येथील मंदिरांतून जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अपभ्रंश भाषेंतील काव्यें संपादून प्रसिद्ध केलीं. पहांटे निघून आलेल्या कुटुंबाला कोणी हें नीट दाखविलें, तर तें दोन तास अधिक राहील. दोन तास राहिलें तर गांवांत जेवील. संध्याकाळ झाली तर मुक्काम करील. खानावळवाला, रिक्षावाला, फुलवाला, खोल्या देणारा, या सर्वांच्या घरीं जो पैसा जातो तो या दोन तासांतून निघतो. पर्यटनाचें अर्थशास्त्र मोठमोठ्या पुस्तकांत दिलेलें असतें. त्याचें सार एवढेंच आहे.

चौथा धडा तोल सांभाळण्याचा. शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें प्राचीन क्षेत्र आहे. मूर्ति भूमीला न टेकतां अधांतरीं आहे, अशी भाविकांची श्रद्धा. श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही पंथांना तें क्षेत्र पूज्य आहे, आणि त्याच्या हक्कासंबंधींचा वाद शतकाहून जुना आहे. १९२९ सालीं तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन पोंचला होता. अशा ठिकाणीं मार्गदर्शकानें न्यायाधीश होऊं नये. दोन्ही पंथांच्या पाहुण्यांना समान आदरानें नेणें, विचारल्यास ठाऊक असलेली घटना सांगणें, आणि आपलें मत स्वतःजवळ ठेवणें, हें दिसतें तितकें सोपें नाहीं. मंगरूळपीरच्या दर्ग्यांत पाहुण्यांना नेतांनाही हाच नियम उपयोगी पडतो.

पांचवा धडा, ज्यांच्या घरीं आपण जातों त्यांच्या मानाचा. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें सर्वांत मोठें श्रद्धास्थान. तेथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या प्रांतांतून तांडे लोटतात. बंजारा समाजाच्या वारशाचें तेथील संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं खुलें झालें. या समाजाचा आणि आपल्या विषयाचा संबंध फार जवळचा आहे. रेल्वे येण्यापूर्वीं या देशांत मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून लांबलांबच्या मुलुखांत नेलें तें बंजाऱ्यांनीं. वाटा, पाणवठे, घाट, मुक्कामाच्या जागा यांचें ज्ञान हीच त्यांची दौलत होती. रेल्वेनें तो धंदा हिरावून घेतला आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची झळही त्यांच्यांतील अनेकांना लागली. आज त्यांच्या वेषाचीं छायाचित्रें घेण्यास पाहुणे उत्सुक असतात; पण ज्यांच्या पूर्वजांनीं देशाचा माल वाहिला त्यांनीं केवळ छायाचित्रासाठीं उभें राहावें, हें बरें नाहीं. तांड्यावरील मुलगी ही विद्या शिकून आपल्या समाजाचा इतिहास आपल्या तोंडानें सांगूं लागली, तर प्रवाशांना नेण्याआणण्याचें ज्ञान ज्यांचें वडिलोपार्जित, त्यांच्याच हातीं तें परत आलें, असें म्हणतां येईल.

शेवटचा धडा संयमाचा. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत काळविटें आहेत. तेथें मोटारीनें त्यांच्यामागें लागलें, तर पाहुणा त्या दिवशीं खूष होतो आणि काळवीट दुसऱ्या दिवशीं दिसत नाहीं. लांबून, गुपचूप आणि थोडाच वेळ पाहावें, हें पाहुण्याला पटविणें हाही शिक्षणाचाच भाग आहे.

हे धडे कोणत्याही परगांवच्या पुस्तकांत तयार मिळणार नाहींत. पॅरिस आणि सिंगापूर यांचीं माहितीपुस्तकें शेंकडों आहेत. वाशीम जिल्ह्याचें, प्रत्येक विधान तपासून लिहिलेलें आणि पाहुण्याच्या हातीं देण्याजोगें पुस्तक येथल्याच मुलांना करावें लागेल. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंतील कॉलेजांना हें काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतां येण्यासारखें आहे. एका वर्गानें एक तालुका घ्यावा. म्हाताऱ्या माणसांना भेटावें, देवळांचीं मोजमापें घ्यावीं, कारंजावरून जाणाऱ्या आणि आतां कांहीं वर्षांपासून बंद असलेल्या 'शकुंतला' या अरुंद मापाच्या गाडीचीं स्टेशनें पाहून त्यांचें काय शिल्लक आहे तें लिहून काढावें. जो विद्यार्थी स्वतःच्या तालुक्याचें असें वर्णन करूं शकतो, त्याला उद्यां ग्वाल्हेरचें किंवा ग्रीसचें वर्णन करणें जड जात नाहीं. उलट ज्यानें आपलें गांव पाहिलें नाहीं, त्यानें परदेशचीं नांवें पाठ केलीं तरी तीं पाठच राहतात.

तेव्हां आईला मी असें उत्तर देईन. मुलगा कदाचित् पुण्याला जाईल, मुलगी कदाचित् मुंबईच्या एखाद्या कंपनींत राहील. पहिलीं कांहीं वर्षें त्यांनीं मोठ्या ठिकाणीं काम करून हात बसवावा, हेंच बरें. पण या धंद्यांत परत येण्याची वाट मोकळी आहे. कारखाना वाशीमला आणावा लागतो; वत्सगुल्म आणि कारंजा येथेंच आहेत, ते दुसरीकडे नेतां येत नाहींत. मुलींच्या बाबतींत रात्रीच्या प्रवासाची आणि मुक्कामाची चिंता आईबापांना वाटते, ती स्वाभाविक आहे. नोकरी देणाऱ्याला त्याविषयीं स्पष्ट प्रश्न विचारावे आणि उत्तर अस्पष्ट आलें तर ती नोकरी सोडावी. महाराष्ट्रांत स्त्रिया या व्यवसायांत पुढें आल्या आहेत. वीणा पाटील यांनीं २०१३ सालीं स्वतःची प्रवास-कंपनी काढली, हें अनेकांना ठाऊकच आहे.

फी भरण्यापूर्वीं कॉलेजला चार गोष्टी विचाराव्या. पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची? शिकविणाऱ्यांपैकीं प्रत्यक्ष धंदा केलेले किती? वर्षांतून किती दिवस वर्गाबाहेर काम करवितात, आणि त्याचा खर्च फींत धरला आहे काय? मागील दोन वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठें आहेत, आणि त्यांच्यापैकीं दोघांशीं बोलतां येईल काय? शेवटच्या प्रश्नाला जी संस्था सरळ उत्तर देते, तिच्यावर बराच भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं.

आणि एक गोष्ट मुलालाही सांगावी. येत्या सुटींत पुण्या-मुंबईचे नातेवाईक घरीं येतील, तेव्हां त्यांना दोन दिवस आपला जिल्हा दाखविण्याची सर्व व्यवस्था त्याच्यावर सोंपवावी. गाडी त्यानें ठरवावी, खर्चाचा अंदाज त्यानें आधीं लिहून द्यावा, प्रत्येक ठिकाणची माहिती त्यानें तपासून सांगावी, वृद्ध आत्याबाईंच्या पथ्याचें त्यानेंच पाहावें आणि शेवटीं हिशेब त्यानेंच द्यावा. दोन दिवसांनीं तो दमलेला असेल, कदाचित् हिशेबांत थोडी चूकही निघेल. तरीही तिसऱ्या दिवशीं सकाळीं तो पुढच्या सहलीचा बेत मांडीत बसला असला, तर त्याच्या फीचे पैसे भरावयास आजोबांचीही ना राहणार नाहीं.